लापिन कुल्ताचं सोनेरी बूच

नायगरा मी पाहिला. त्याच्याबद्दल माझ्याआधी एवढ्या लोकांनी सांगितलंय की मी आणखी भर घालत नाही. मला सांगायचंय ते थंडर बेबद्दल. टोरोंटोहून विमानाने दोन तास उत्तरेला, समुद्रासारख्या दिसणाऱ्या एका तळ्याच्या काठावरचं हे गाव. आमच्या कऱ्हाडातून तिथे गेलेला दुसरा कोणी मला अजून भेटलेला नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी राज्य उत्पादन शुल्क खात्यात चौतीस वर्षं काढली. सोप्या भाषेत, दारूचा इन्स्पेक्टर. स्वतः थेंबही घेतलेला नाही, पण बाटली हातात घेतली की सील, लेबल, बूच आणि भरणा, म्हणजे आत किती भरलंय ते, या क्रमाने नजर फिरते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ती सवय जात नाही. बायको शैला म्हणते की मी दुधाची पिशवीसुद्धा संशयानेच उघडतो.

नॉर्थ यॉर्क

आमची मुलगी केतकी टोरोंटोतल्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करते. नॉर्थ यॉर्कला एकविसाव्या मजल्यावर तिचा छोटा कॉन्डो आहे. गेल्या जूनमध्ये तिने फोनवर सांगितलं, "बाबा, एरो म्हणून एक मित्र आहे. फिनिश आहे, म्हणजे जन्म इथलाच. लग्नाचा विचार आहे. तुम्ही या, त्याला बघा, मग ठरवू."

'मग ठरवू' हे मला आवडलं. शैलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे ऑक्टोबरात मी एकटाच निघालो. निघताना ती एवढंच म्हणाली, "माणसं बघा. कागद बघू नका."

टोरोंटोला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी केतकी आतल्या खोलीत ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये गुंतली होती. मी चहासाठी चमचा शोधत होतो. खालचा ड्रॉवर उघडला तर आत प्लास्टिकची पिशवी. पिशवीत शे-दीडशे पत्र्याची बुचं. कोरी, सोनेरी, एकही वाकलेलं नाही.

ज्यांनी धाडी घातलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. घरात वाकलेली बुचं सापडली तर त्या घरात कोणीतरी पितं. कोरी सापडली तर कोणीतरी भरतं. माझ्या नोकरीत कोऱ्या बुचांचा अर्थ एकदाही दुसरा निघाला नव्हता.

केतकी बाहेर आल्यावर मी पिशवी टेबलावर ठेवली. "हे काय?"

"क्राफ्टसाठी आणलीयत बाबा. ऑनलाइन मागवली. फ्रेम करायची आहे एक."

"दीडशे बुचांची फ्रेम?"

"बाबा, तुम्ही रिटायर झालाय," ती हसत म्हणाली आणि पिशवी उचलून बॅगेत टाकली. घरात ठेवायची असती तर ती ड्रॉवरमध्ये गेली असती. बॅग आम्ही शुक्रवारी थंडर बेला नेणार होतो. हे मी मनात टिपून ठेवलं.

थंडर बे, शुक्रवार

विमान उतरताना खाली सुपीरियर तळं दिसतं. तळं म्हणायला जीभ धजत नाही. पलीकडचा काठ दिसतच नाही, आणि बंदरासमोर पाण्यात एक डोंगर आडवा पसरलेला आहे, हात छातीवर घेऊन झोपलेल्या माणसासारखा. इथले लोक त्याला झोपलेला राक्षसच म्हणतात. भूर्ज आणि पॉप्लरची झाडं हळदीसारखी पिवळी झाली होती. हवेत असा गारठा, की मी विमानतळावरच बॅगेतली माकडटोपी घातली. केतकीने ती काढायला लावली.

एरो घ्यायला आला होता. पस्तिशीचा, उंच, शाळेत गणित शिकवतो. बोलणं कमी. हात मिळवताना त्याने डोळ्यांत बघितलं, पण लगेच नजर केतकीकडे वळवली. ही दुसरी नोंद.

गावात फिनिश लोकांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या एका हॉटेलात आम्ही नाश्ता केला. ताटभर पातळ पॅनकेक, आपल्या घावनासारखं, पण अंडं आणि दूध घालून केलेलं. वर स्ट्रॉबेरी. नंतर एरोने गावचा खास गोड पाव खायला लावला, वर गुलाबी आयसिंग थापलेला. गोड इतका की दाढा हलल्या. नाश्ता होईपर्यंत एरोने मला एकच प्रश्न विचारला, "प्रवास ठीक झाला ना?" तो तीनदा विचारला. साक्षीदार घाबरलेला असला की असंच करतो.

तिथून तासाभराच्या अंतरावर त्यांचा 'कॅम्प'. नावावरून मी तंबू समजलो होतो. हे एका लहान तळ्याकाठचं लाकडी घर निघालं. बाजूला लाकडाचीच एक खोली, धुराड्यासह. एरोचे वडील वेइक्को दारात उभे होते. वय एक्क्याऐंशी, पांढऱ्या भुवया, हात फावड्यासारखे. बायको जाऊन चार वर्षं झालेली. पूर्वी ते गावात राहायचे, आता उन्हाळा सुरू झाल्यापासून बर्फ पडेपर्यंत इथेच असतात. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत. त्यांचं मोडकं, माझं सरकारी.

केतकीने बूट काढले, दाराशेजारच्या खुंटीवरून लोकरीचे मोजे काढून घातले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. साखर कुठे आहे हे तिने विचारलं नाही. आता आठवलं की मला स्वतःची कमाल वाटते. तेव्हा माझं लक्ष दुसरीकडेच होतं. खिडकीत एक तपकिरी बाटली होती.

"लापिन कुल्ता," वेइक्को म्हणाले. "लॅपलंडचं सोनं. माझ्या गावची बिअर."

शनिवार

सकाळी वेइक्कोंनी मला तळ्याकाठी फिरवलं आणि आपली कहाणी सांगितली. फिनलंडच्या उत्तरेला, स्वीडनच्या सीमेवर, नदीकाठी टोर्निओ नावाचं गाव आहे. ही बिअर तिथली. तरुणपणी ते तिथे ब्रुअरीत बाटल्या भरायच्या विभागात होते. नंतर कॅनडात आले, आधी जंगलात झाडं तोडली, मग कागदाच्या गिरणीत लागले. टोर्निओतली ब्रुअरी काही वर्षांपूर्वी बंद झाली. त्या नावाची बिअर आजही मिळते, पण ती दक्षिणेला दुसऱ्या शहरात बनते.

"मग इथे कुठून येते?" मी विचारलं.

"मुलगा आणतो. शनिवारी एक. सौनाची वाफ घेऊन झाली की." त्यांनी एक बोट वर केलं. "एकच."

"कुठून आणतो?"

वेइक्कोंनी तळ्याकडे पाहिलं. "आणतो कुठून तरी."

दुपारी घरात कोणी नव्हतं. केतकी आणि एरो लाकडं फोडत होते. मी खिडकीतली बाटली हातात घेतली. लेबल जुनं, कडा झिजलेल्या, एक कोपरा डिंकाने परत चिकटवलेला. काचेवर पोटाभोवती पांढरट पट्टा. बाटली अनेकदा धुतली, घासली की असा पट्टा येतो. भरणा नेहमीपेक्षा बोटभर वर. आणि बूच सोनेरी, कोरं, कंपनीचं एक अक्षरही नसलेलं.

मी बाटली होती तशी ठेवली. एक गोष्ट कबूल करतो. मला आनंद झाला होता. सात वर्षांनी केस सापडली होती.

एरो लाकडं घेऊन आत आला तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, "या बुचावर कंपनीचं नाव नाही?"

त्याचे कान लाल झाले. "कंपनीने डिझाइन बदललं."

"अच्छा."

"हो. गेल्या वर्षी."

तो निघून गेला. मी खुर्चीत बसून विचार केला. हा माणूस स्वतःच्या म्हाताऱ्या बापाला दर शनिवारी बनावट बाटली पाजतो. मी विचारल्यावर तोंडावर खोटं बोलतो. आणि माझी मुलगी याला बुचं पुरवते. जो बापाला फसवतो तो बायकोला सोडेल का? मी ठरवलं, सोमवारी टोरोंटोला परतलो की केतकीला सांगायचं, नाही म्हणजे नाही.

संध्याकाळी चार वाजता सौना तापली. आपण 'सॉना' म्हणतो, वेइक्को 'सौ-ना' म्हणायला लावतात. लाकडी खोलीत तापलेल्या दगडांची चूल, वर बसायला फळ्या. बाप्ये आधी, बायका नंतर. वेइक्को जन्मले तसे आत गेले. मी हाफ पँट घालून वर पंचा गुंडाळला. त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. एरो बाहेर लाकडं घालत होता.

मी चंद्रपूरला तीन उन्हाळे काढले आहेत, पण हे वेगळंच. वेइक्कोंनी दगडांवर पळीभर पाणी टाकलं आणि वाफेने माझे कान भाजले. घाम डोळ्यांत जाऊ लागला. आम्ही दोघंच होतो आणि मला राहवलं नाही.

"मिस्टर वेइक्को, मी तीस-पस्तीस वर्षं दारूच्या बाटल्या तपासल्या आहेत. एक सांगू का? तुमची बिअर टोर्निओची नाही. फिनलंडचीही नसेल."

त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते.

"मी बाटल्या भरत होतो," ते म्हणाले. "अकरा वर्षं. मला बूच कळत नाही?"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. बायको गेली, मी सौना बंद केली. जेवण पण थोडं. एरो फिनलंडला गेला, एक क्रेट घेऊन आला. मग मी शनिवारी सौना तापवायला लागलो. क्रेट संपली. तरी बाटली येतच राहिली." त्यांनी पळी बादलीत बुडवली. "ही थंडर बेच्या दुकानातल्या कॅनमधली आहे."

"मग बोलत का नाही?"

"बोललो तर तो खोटारडा आणि मी म्हातारा. आता तो चांगला मुलगा आहे आणि मी बिअर पितो."

मला हे पटलं नाही. अजूनही नीट पटलेलं नाही. मी तसं म्हणणार, तेवढ्यात ते म्हणाले, "एरोचा हात वाईट. त्याचं बूच सैल. गॅस जायचा, पाणी प्यायल्यासारखं लागायचं. आता मिनिया भरते. तिचं बूच फर्स्ट क्लास. ब्रुअरीत लागली असती."

"मिनिया कोण?"

"केतकी. मिनिया म्हणजे आमच्या भाषेत मुलाची बायको."

"होणारी," मी म्हणालो. "होणारी बायको."

वेइक्कोंनी माझ्याकडे पाहिलं. आधी नवल, मग काहीतरी हातातून निसटल्यासारखं. त्यांनी घाईघाईने दगडांवर एक पळी पाणी टाकलं, मग दुसरी. वाफेत त्यांचं तोंड दिसेना.

"तुम्हाला सांगितलं नाही," पलीकडून आवाज आला. तो प्रश्न नव्हता.

मी उठून बाहेर आलो.

तळ्यात लाकडी धक्का आहे. मी ओला पंचा अंगावर घेऊन त्याच्या टोकाला उभा राहिलो. थंडी वाजत असणार, पण मला कळत नव्हती. केतकी मागून माझं जाकीट घेऊन धावत आली.

"बाबा, आजारी पडाल. घाला हे."

"कधी केलंस?"

तिने 'काय' असं विचारलं नाही, तेवढं बरं केलं. जाकीट हातात धरून ती उभी राहिली. "एप्रिलमध्ये. सिटी हॉलमध्ये."

"साक्षीदार?"

"दोन मैत्रिणी." मग तिचा आवाज चढला. "बघा ना बाबा! पहिला प्रश्न कधी, दुसरा साक्षीदार कोण. मी खूश आहे का, हे तुमच्या यादीत कितवं आहे?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही पंचनामा केला असता. त्याची शाळा, त्याचे पूर्वज, त्याचं आधीचं लफडं. वर्ष गेलं असतं. एरोच्या बाबांच्या हार्टचं ऑपरेशन होतं मेमध्ये, एरोला वाटत होतं की... त्यांना लग्न बघायचं होतं. म्हणून केलं पटकन."

"आणि मला विमानाने कशाला आणलंस? 'बघा, मग ठरवू' म्हणून?"

"आई म्हणाली, आधी त्यांना माणसं बघू दे. मग सांग."

आईला माहीत होतं. सात हजार मैलांवर, गुडघा वर करून पडलेल्या माझ्या बायकोला माहीत होतं. मी मुद्देमालाच्या नोंदी ठेवत होतो आणि माझ्याच घरातली दोन माणसं सहा महिने माझ्याशी जपून बोलत होती.

मी जाकीट घातलं आणि घराकडे चालू लागलो.

जेवायला बसलो तेव्हा बाहेर उजेड होता. सॅमन माशाचं दुधाळ सूप, राय नावाच्या धान्याचा काळा पाव, आणि केतकीने माझ्या बॅगेतून काढलेली शेंगदाण्याची चटणी. वेइक्को ती लोण्याबरोबर पावावर थापून खात होते. त्यांनी बाटली उघडली, कान देऊन आवाज ऐकला, ग्लासात ओतली. "घरची," ते नेहमीच्या सवयीने म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. एरोने मान हलवली. केतकी ताटाकडे बघत होती.

मी एका वाक्यात सगळं मोडू शकलो असतो. तोंडात वाक्य तयार होतं, इंग्रजीत, क्रियापदासह. पण वेइक्कोंनी ग्लास अजून तोंडाला लावला नव्हता आणि ते माझीच वाट बघत आहेत असं मला वाटलं. मी वेगळंच विचारलं.

"एरो, तुला मला काही सांगायचं आहे का?"

त्याने चमचा ठेवला. केतकीकडे बघितलं नाही. या खेपेला माझ्याकडेच बघितलं. "हो," तो म्हणाला. "दोन गोष्टी. आम्ही लग्न केलंय. तुम्हाला न सांगता केलं, त्यात केतकीइतकाच माझा दोष आहे. आणि बूच कंपनीने बदललेलं नाही. ते आम्ही लावतो. दुपारी मी तुमच्याशी खोटं बोललो." मग तो वडिलांकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला.

वेइक्को ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर त्यांनी उरलेली बिअर संपवली, ओठ पुसले आणि दोन-चार शब्द बोलले.

केतकीने मला मराठीत सांगितलं. "म्हणतायत, मग आता कॅनमधूनच दे. बाटल्या धुवायला फार वेळ जातो." ती हसत होती आणि डोळे पुसत होती. एरो हसला नाही. उठून त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

सोमवार, परत

रविवारचा दिवसभर आम्ही सगळे फार सभ्यपणे वागलो. वेइक्कोंनी मला मासे कसे साफ करायचे ते दाखवलं. एरोने गाडीला विंटर टायर चढवताना माझी मदत मागितली, गरज नसताना. मी केली. त्याच्याबद्दल माझे सगळे प्रश्न मिटलेत असं नाही. खोटं बोलताना कान लाल होणारा माणूस आहे, एवढी एक जमेची बाजू मी लिहून घेतली. वेइक्कोंचा शनिवार मी सुधारला की बिघडवला, तेही मला ठरवता आलेलं नाही. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

टोरोंटोच्या विमानात केतकी माझ्याशेजारी बसली होती. अर्ध्या वाटेवर मी तिला विचारलं, "खूश आहेस का?"

"उशीर केलात," ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "आहे."

कऱ्हाड

शैला दारापर्यंत चालत आली, काठीशिवाय. मी बॅग ठेवली. चहाचा कप हातात आल्यावर मात्र मला राहवलं नाही.

"सहा महिने तू माझ्यापासून लपवलंस."

"हो."

"मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"तुम्ही विचारता कुठे?" शैला म्हणाली. "तुम्ही तपासता."

ती रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती साधंच म्हणाली आणि समोर बसून गुडघा चोळायला लागली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की एकुलत्या एका मुलीचं लग्न हिच्याशिवायही झालं होतं. फोनवर बातमी ऐकून हिने कुणालाही न सांगता एकटीने ती सांभाळली होती, माझ्याच शेजारी झोपून.

"केतकीच्या लग्नात," मी विचारलं, "तू काय नेसणार होतीस?"

शैलाने माझ्याकडे बघितलं, मी थट्टा करतोय का ते पाहायला. मग ती उठली, कपाट उघडलं आणि वरच्या खणाकडे बोट दाखवून म्हणाली, "माझा हात पोचत नाही. ते खोकं काढून द्या."

मी स्टूल घेतलं.